खाऱ्या पाण्यातली दुर्बीण

माझी शाळा चौथीत संपली, त्यामुळे ह्या वहीत ऱ्हस्व-दीर्घ चुकले असतील तर ते मला येत नाहीत म्हणून चुकलेत. अक्षरही चांगलं नाही. आधीच एका बाजूला कलतं, आणि आता हात थरथरतो म्हणून जास्तच कलतं. वाचणाऱ्यानं सांभाळून घ्यावं. खरं तर कोणी वाचावं म्हणून मी लिहीत नाही. वही पिठाच्या डब्यामागे ठेवते. लोक वाचतात आणि मग विचारतात, हे कशाला लिहिलंस, कोणाबद्दल लिहिलंस. मला तसली उत्तरं देता येत नाहीत. चार माणसांत बोलायची वेळ आली की माझ्या तोंडाला तेव्हा कुलूप पडायचं, आजही पडतं. पण एक हिवाळा असा होता की मी विद्यापीठाच्या वर्गात बसत होते, सूर्य आणि त्याच्या ग्रहांबद्दल शिकत होते. माझ्या सुनांना हे खरं वाटत नाही. त्यांना दोष देत नाही. मलाही तेव्हा त्यातलं पुष्कळसं खरं वाटत नव्हतं.

आमचं घर पालघरकडच्या दांडीला, समुद्राच्या इतकं जवळ की उधाणाच्या दिवसांत रात्री पाणी अंगणाशी येऊन बोलतंय असं वाटायचं. बाबा होडीवर असायचे. जमिनीवरचं सगळं बायकांकडे, आणि आमच्या घरात बायका म्हणजे काशीआते. ती बाबांची मोठी बहीण. शिरगावला दिली होती. नवरा गेल्यावर दिरांनी एका कागदावर तिचा अंगठा घेतला, रेशनसाठी हवाय म्हणाले, आणि पुढच्या पावसाळ्याआधी ती दोन पातळं घेऊन आमच्याकडे परत आली. तेव्हापासून ती कागद, कागद घेऊन येणारा माणूस आणि फुकट मिळणारी वस्तू, ह्या तिन्हींना सारखंच घाबरायची. घाबरते असं मात्र कधी दाखवलं नाही. ती फक्त डोळे बारीक करायची. आमची आय सकाळी तांदळाच्या भाकरी थापायची, तव्यावर सुका जवळा कुरकुरायचा, आणि त्या वासात आते दारात बसून वाटेवरून कोण गेलं, कोणाकडे गेलं, कधी परतलं हे बघत असायची. मीही तिच्या शेजारी बसून बघायला शिकले.

घरापुढे किनाऱ्यालगत आमचं खळं, म्हणजे मासळी सुकवायची जागा. बांबू रोवून त्यांना आडव्या दोऱ्या बांधायच्या, त्याला आम्ही वलांडी म्हणतो. दोन दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून ते ह्या दोऱ्यांवर टाकायचे. वारा सुटला की हजारो बोंबील एकदम हलायचे आणि कोरड्या पानांसारखा आवाज यायचा. खळ्यावर कोणी चप्पल घालून पाऊल टाकत नसे. कोणाच्या घराचं खळं कुठे संपतं हे बांबूंवरून कळायचं. कागद कोणाकडेच नव्हता. बाबा एकदा पालघरच्या कचेरीत विचारायला गेले होते, तर तिथला माणूस म्हणाला, समुद्राच्या काठाचा कसला कागद. बाबा हसत परत आले. आते हसली नाही. त्या वर्षी पलीकडे मोठ्या वीजकेंद्राचं बांधकाम सुरू झालं होतं. कुठे कुठे लाल कापड बांधलेल्या खुंट्या दिसू लागल्या होत्या, आणि तीन पायांच्या घोडीवर नळी बसवून एका डोळ्यानं बघणारे लोक आमच्या बायकांनी लांबून पाहिले होते. ते ज्या शेतात उभे राहिले ते शेत पुढे शेतकऱ्याचं राहिलं नाही, एवढं आम्हाला माहीत होतं.

बोईसरला मी मासळी घेऊन जायची. तिथे सुमनताई म्हणून एक गिऱ्हाईक होतं. साताऱ्याकडच्या. नवरा बांधकामावर नोकरीला. त्यांना मासळी साफ करता येत नसे, म्हणून मीच त्यांच्या मोरीत बसून कोयत्यानं ती करून द्यायची, आणि त्या तेवढा वेळ बोलत बसायच्या. त्यांनीच सांगितलं की विद्यापीठानं बाहेरच्या लोकांसाठी एक वर्ग काढलाय, दर रविवारी दुपारी, शाळेच्या खोलीत, ‘आपली सूर्यमाला’. शिक्षणाची अट नाही. त्यांना जायचं होतं, पण एकटीनं जायला नवरा नाही म्हणत होता. तू सोबत चल, फी मी भरते, म्हणाल्या. मी काहीच बोलले नाही. न बोलण्याचा अर्थ लोक हो असाच धरतात, हे माझ्या आयुष्यात पुष्कळदा झालंय.

घरी सांगितलं तेव्हा आतेनं पहिला प्रश्न विचारला तो असा, की शिकवणारा कुठून येतो. मुंबईहून, मी म्हटलं.

“आनि चंद्र सांगाया येतो? त्याचं गाडीभाडं कोन देतं?”

आय म्हणाली, जाऊ दे, ती बाई भली हाय, मासळीला दर बरा देते. आते म्हणाली की दर बरा देते ह्याचाच मला संशय हाय. शेवटी तिनं मला जाऊ दिलं, पण दोन गोष्टी बजावून. कुठे अंगठा लावायचा नाही, सहीसुद्धा करायची नाही. आणि घराबद्दल कोणी काही विचारलं तर सांगायचं नाही.

कर्णिक सर उंच, किडकिडीत. शर्टाला खडूची पूड लागलेली असायची. वर्गात सात-आठ माणसं होती, दोन शाळामास्तर, एक पोस्टातला कारकून, बाकी बांधकामावरची. मी मागच्या बाकावर भिंतीला टेकून बसायची आणि पहिल्या दिवशी हजेरीला सही करायची वेळ आली तेव्हा पाणी प्यायला बाहेर गेले. सर शांत माणूस होते. त्यांनी शाळेच्या पायरीवर एक नारळ ठेवला आणि म्हणाले, हा सूर्य. मग आम्हाला घेऊन चालत निघाले. थोड्या अंतरावर मोहरीएवढा एक दाणा ठेवला, ही पृथ्वी. पुढे बरंच चालून एक करवंद, तो गुरू. विहीर ओलांडून, रस्त्याच्या वळणावर एक लहानसं बोर ठेवलं आणि म्हणाले, हा शनी. तिथून मागे बघितलं तर नारळ दिसतच नव्हता. मला वाटलं, हा माणूस आपल्याला चालवून चालवून दमवतोय आणि मधल्या वेळात शाळेत कोणीतरी काहीतरी करतंय. मी सुमनताईंची पिशवी छातीशी धरून ठेवली होती.

तरी एक रविवार असा आला की माझा संशय थोडा वेळ मला सोडून गेला. सर भरती-ओहोटी सांगत होते. चंद्र पाणी ओढतो म्हणाले. हे आमच्याकडे लहान पोरालाही माहीत असतं, पुनवेला उधाण येतं. पण उधाण अवसेलाही येतं, तितकंच मोठं. मला लहानपणापासून कोडं होतं की अवसेला चंद्र नसतोच, तर मग पाणी कोण ओढतं. मी बाबांना विचारलं होतं, ते म्हणाले, येतं तसं येतं. त्या दिवशी सुमनताईंच्या कानात मी हे पुटपुटले आणि त्यांनी ते मोठ्यानं विचारून टाकलं. सरांनी सांगितलं की चंद्र तेव्हाही असतो, सूर्याच्याच बाजूला असतो, त्याची उजळलेली बाजू पलीकडे असते म्हणून आपल्याला दिसत नाही. दोघं मिळून ओढतात. दिसत नाही आणि तरीही ओढतो. घरी जाताना मी सारखा तोच विचार करत होते आणि त्यातून आनंद व्हायच्या ऐवजी मला भीती वाटली. न दिसणारी आणखी किती माणसं आपल्याला कुठे कुठे ओढत असतील, असं वाटलं.

आणि त्याच्या पुढच्याच रविवारी सरांनी मला थांबवून विचारलं, तू दांडीची ना? तिथे किनाऱ्यावर मोकळी जागा आहे का, झाडं नसलेली, पश्चिमेकडे उघडी? भरतीचं पाणी कुठवर येतं? जमीन घट्ट आहे का? मी मान खाली घालून उत्तरं दिली. खळ्याचं सांगितलं. बाहेर आल्यावर माझ्या लक्षात आलं की मोजणीच्या माणसाला जे जे हवं असतं ते सगळं मी सांगून बसले होते. सुमनताई म्हणाल्या, अगं, शेवटचा वर्ग त्यांना दुर्बीण लावून घ्यायचा आहे, शनी दाखवायचाय. पण दुर्बीण मी कधी बघितली नव्हती. मी ते आठवडाभर घरात कोणाला सांगितलं नाही. खळं गेलं तर बोंबील कुठे सुकवणार, आणि बोंबील नाहीत तर पावसाळ्याचे चार महिने खाणार काय, हे कोणी मला समजवायची गरज नव्हती.

शेवटच्या रविवारी मी सुमनताईंना आणायला बोईसरला गेले होते. आम्ही उन्हं कलताना परतलो तर खळ्यावर गर्दी. नंतर कळलं ते असं. सर तयारीसाठी आमच्या आधीच येऊन पोचले होते. पायात बूट. आमच्या आणि शेजारच्या खळ्याच्या मधोमध त्यांनी तीन पायांची घोडी उभी केली, तिच्यावर नळी बसवली आणि ती नीट लागली का हे बघायला लांबच्या एका होडीच्या डोलकाठीकडे रोखून एक डोळा मिटला. आते दारातून बघत होती. ती काही ओरडली नाही. चार बायकांना हाक मारून उठली, सरांच्या मागून गेली, नळी घोडीवरून उचलली आणि मासे खारवायच्या पिंपात बुडवली. वर झाकण ठेवलं आणि झाकणावर बसली.

आम्ही पोचलो तेव्हा ती तशीच बसलेली होती. सर बूट काढून हातात घेऊन उभे होते. कोणीतरी त्यांना ते काढायला लावले असावेत. ते सांगायचा प्रयत्न करत होते, पण त्यांची भाषा बायकांच्या कानांत शिरत नव्हती, आणि शिरली असती तरी कोणी विश्वास ठेवला नसता. सुमनताई बोलायला गेल्या तर एक बाई म्हणाली, तुमी गप ऱ्हावा, तुमचा घरवाला त्यांच्यातलाच हाय. मग सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. मला पळून जावंसं वाटलं.

“आते, ऊठ,” मी म्हटलं. “जागा मी सांगितली त्यांना. ती नळी आभाळ बघायची हाय.”

आते माझ्याकडे वळली. “तू सांगितलीस?”

“हां.”

“काय दिलं तुला त्यानं?”

हा प्रश्न मला अजून आठवतो. काही दिलं नाही म्हटलं तर ते जास्त वाईट ठरेल हे मला माहीत होतं. मी म्हटलं, अवसेला पाणी का चढतं ते सांगितलं. दोन-तीन बायका हसल्या. आते हसली नाही, पण उठली.

सरांनी नळी बाहेर काढली. तिच्यातून खारं पाणी आणि एक बोंबलाचं शेपूट बाहेर पडलं. त्यांनी रागानं एक शब्द काढला नाही, विहिरीचं गोडं पाणी तेवढं मागितलं. पुढची काच फिरवून काढली, धुतली, सुमनताईंच्या पदराच्या कोपऱ्यानं पुसली. डोळा लावायची आणखी एक छोटी काच त्यांच्या खिशात होती, ती कोरडी राहिली होती. तोवर सूर्य बुडाला. बाकीचे विद्यार्थी येऊन लांब उभे राहिले होते, जवळ यायला कोणी धजत नव्हतं. समुद्रावर, दक्षिणेच्या बाजूला थोडी वर, एक पिवळट चांदणी उमटली. सरांनी नळी तिकडे वळवली, बघितलं आणि म्हणाले, काचांच्या मध्ये ओल राहिलीय, धुरकट दिसतंय, पण दिसतंय.

आतेनं आधी मला पाठवलं. मी डोळा लावला. धुक्यात एक दाणा होता आणि त्याला दोन्ही बाजूंनी बारीक कान. रस्त्याच्या वळणावर ठेवलेलं ते बोर. मी मागे सरले. मग आते वाकली. तिनं डोळा लावायच्या आधी नळीच्या खालून, वरून हात फिरवून बघितलं, मग डोळा लावला.

“आत चित्र चिकटवलंय,” ती म्हणाली.

सर म्हणाले, नळीला हात लावू नका, नुसतं बघत राहा. आते बघत राहिली. वाळत टाकलेल्या बोंबलांचा तेवढा आवाज. थोड्या वेळानं आते म्हणाली, ते सरकतंय. सर म्हणाले, ते नाही सरकत, आपण सरकतोय, पृथ्वी फिरतेय, खळ्यासकट. आते तशीच वाकून राहिली. दाणा कडेला गेला आणि निघून गेला असावा, कारण ती सरळ झाली आणि पदरानं डोळा पुसला.

“चिकटवलेलं असतं तर गेलं नसतं,” ती बायकांना म्हणाली. मग सरांकडे वळून विचारलं, “नुकसान किती झालं?”

हल्ली माझा नातू मला मोबाइलवर शनी दाखवतो. फार सुंदर, रंगीत, कडी अगदी स्वच्छ. मी बराच वेळ बघत बसते. तो विचारतो, काय बघतेस एवढं? तो शनी सरकत नाही, हे मी त्याला सांगत नाही. उगाच त्याचं मन कशाला मोडायचं.

दुर्बीण सरांची नव्हती, विद्यापीठातून मागून आणलेली होती, आणि काचा नव्या बसवाव्या लागणार होत्या. रक्कम आयनं दोनदा विचारली. होडीचं नवं शीड आलं असतं तेवढ्यात. सर म्हणाले, राहू द्या, मी बघतो काय ते. ह्यावर आतेचे डोळे परत बारीक झाले. पैसे नको म्हणणाऱ्या माणसाला दुसरं काहीतरी हवं असतं, हे तिनं त्यांना तोंडावर सांगितलं आणि पै न पै फेडीन म्हणाली. ज्या चार बायकांनी तिला साथ दिली होती त्यांनीही वाटा उचलला. दर बाजाराला सुक्या बोंबलाची एक पाटी वेगळी निघायची, तिला आम्ही शनीची पाटी म्हणायचो. तिचे पैसे मी सुमनताईंकडे द्यायची, त्या सरांना पोचवायच्या. त्या वर्षी दिवाळीला नवं पातळ कोणालाच आलं नाही. आमच्या जेवणात चार महिने जवळा आणि भात, भात आणि जवळा. टोमणे मात्र रोज ताजे. बायका मला म्हणायच्या, जानू, चांदणी बघायला एवढे पडतात, सूर्य बघितला असतास तर घर गेलं असतं.

पाट्या अजून चालूच होत्या, तेव्हा पुढच्या हिवाळ्यात एका सकाळी खळ्यावर पुन्हा तीन पायांची घोडी उभी राहिली. वर नळी. टोपी घातलेला एक माणूस डोळा लावून. आणि ह्या वेळी गंमत अशी झाली की कोणी उठलंच नाही. बायका दोऱ्यांवर बोंबील टाकत राहिल्या. एकीनं तर त्याला पाणीही नेऊन दिलं. चांदण्यांचा दुसरा मास्तर आला, म्हणाल्या. एका दुर्बिणीचे पैसे अजून फिटायचे होते, दुसरीला हात लावायची कोणाची छाती नव्हती. आतेसुद्धा दारातच बसून राहिली.

मी बघत होते. सकाळची वेळ. आभाळात काही नव्हतं. तेवढंच असतं तर मीही गप्प राहिले असते, सरांनीही नळी आधी उजेडातच लावली होती. पण लांब, खळ्याच्या दुसऱ्या टोकाला एक माणूस पांढऱ्या-लाल पट्ट्यांची काठी उभी धरून होता, आणि टोपीवाला हात हलवून त्याला इकडे-तिकडे सरकवत होता. शनी बघायला काठी लागत नाही. मी आतेपाशी गेले आणि खालच्या आवाजात एवढंच सांगितलं. तिनं काठी बघितली. मग मला विचारलं, नळीतून वाकडं बघता येतं का? मी म्हटलं, नाही, सरळ रेषेतच दिसतं.

आते उठली. तिनं पिंपाकडे बघितलंही नाही. बायकांना म्हणाली, आज वलांड्या हिकडं बांधा. तासाभरात नळी आणि काठी ह्यांच्या मधोमध नवे बांबू उभे राहिले, दोऱ्या ताणल्या गेल्या आणि बोंबलांच्या जाड पडद्याआड काठीवाला दिसेनासा झाला. टोपीवाल्यानं घोडी उचलून दुसरीकडे लावली. बायकांनी तिकडेही दोरी बांधली. तो चिडला, विनवण्या केल्या, मग हसला. शेवटी त्यानं स्वतःच सांगितलं, रस्त्याची मोजणी आहे. ओले बोंबील काढता येत नाहीत, आते म्हणाली, सुकले की या. तो दोन दिवस वाट बघून गेला. पुढे रस्ता झाला, तो खळ्याच्या मागून, सुरूच्या झाडांच्या बाजूनं. आमच्या बोंबलांमुळे तो तिकडे वळला, की पहिल्यापासून तिकडूनच जाणार होता, हे मला कधी कळलं नाही. आते म्हणायची, बोंबलांमुळे. माझा तिच्यावरही पूर्ण विश्वास नाही.

शनीची शेवटची पाटी विकली गेली तेव्हा ते पैसे सुमनताईंकडे द्यायला आते तयार होईना. त्याच्या हातात मीच ठेवीन, म्हणाली. सर दुसऱ्या वर्गासाठी बोईसरला आले होते. आम्ही दोघी गेलो. आतेनं धुवट पातळ नेसलं होतं. शाळेच्या खोलीत टेबलावर दुर्बीण होती, नव्या काचांची, आणि तरीही, मला वाटतं, तिला थोडा वास येत होता. आतेनं कमरेची पुरचुंडी सोडली, पैसे टेबलावर मांडले आणि सरांना मोजायला लावले. त्यांनी मोजले आणि म्हणाले, बरोबर आहेत, पूर्ण झाले. पावती देऊ का? कागद नको, आते म्हणाली. मग ती खुर्चीवर बसली, आमच्या घरात ती बसते तशी, पाय वर घेऊन.

“आता तुमचं आमच्यावर काय नाय ना?”

“काही नाही,” सर म्हणाले.

“मग आता खरं सांगा. तुमाला कोनी पाठवलं व्हतं?”

सर हसले नाहीत. कोणी नाही, म्हणाले, मला शनी आवडतो. आतेनं त्यांच्याकडे नीट बघून घेतलं, उठली, मला खुणेनं चल म्हणाली. दांडी दिसायला लागल्यावर तिनं रिकामी पुरचुंडी झटकून कमरेला खोचली.

“खोटं बोलला असंल तरी असू दे,” ती म्हणाली. “आपले पैसे फिटले.”